गोंड : चंद्रपूर–गडचिरोलीतील

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत राहणारा, मध्य भारतातील गोंड या मोठ्या द्राविडभाषी आदिवासी जमातीचा एक समूह. राज गोंड व माडिया गोंड हे त्याचे या प्रदेशातील दोन प्रमुख विभाग होत. राज गोंडांची वस्ती मुख्यत्वे वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील सपाट भागात असून, माडिया गोंड हे भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा व धानोरा या तालुक्यांच्या डोंगराळ व दाट अरण्याच्या भागात राहतात. या समूहाच्या इतिहासात तीन अवस्था ठळकपणे दिसतात. प्रथम तो या भूमीचा राज्यकर्ता होता. पुढे वनविषयक कायद्यांमुळे त्याला आपल्याच अरण्यात परवानगी मागावी लागली. आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याच्या ग्रामसभांना त्या अरण्यावरील सामूहिक हक्क कायद्याने परत मिळू लागले. यांतील तिसरी अवस्था अद्याप पूर्ण झालेली नाही.

प्रदेश व लोकसंख्या : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्यापैकी सु. ७०% भूमी वनाच्छादित आहे. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमानंतर प्राणहिता या नावाने वाहणारी नदी पुढे सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेस इंद्रावती ही छत्तीसगढची सीमा दाखविते. भामरागडजवळ तिला पर्लकोटा व पामुलगौतमी या नद्या मिळतात. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू, चारोळी व बांबू ही येथील प्रमुख वनसंपत्ती होय. अशा या नद्यानाल्यांच्या प्रदेशात पावसाळ्यात पुरामुळे अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या १०,७२,९४२ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे लोक ४,१५,३०६ म्हणजे सु. ३८·७% होते. चंद्रपूर जिल्ह्यात हे प्रमाण सु. १७·७% होते. या दोन्ही जिल्ह्यांतील आदिवासींत गोंडांची संख्या सर्वाधिक आहे. संपूर्ण महाराष्ट्रात गोंडांची लोकसंख्या त्या वेळी सु. १६ लाख होती. राज्यातील अनुसूचित जमातींत भिल्लांच्या खालोखाल त्यांचा क्रमांक लागतो. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत माडिया, बडा माडिया, राज गोंड इ. नावे गोंड या एकाच नोंदीखाली येतात. तथापि कातकरी व कोलाम यांच्याबरोबर माडिया गोंडांचा समावेश केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे.

नाव व भाषा : ‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले असून हे लोक स्वतःस ‘कोया’ किंवा ‘कोयतोर’ म्हणवितात. ‘माडिया’ हे नाव काही अभ्यासक झाड या अर्थाच्या गोंडी शब्दाशी जोडतात. गोंडी ही द्राविड भाषाकुलाच्या दक्षिण-मध्य शाखेतील भाषा असून तेलुगूशी तिचे जवळचे नाते आहे. माडिया ही तिचीच बोली होय. परंतु उत्तरेकडील गोंडीहून ती इतकी भिन्न आहे, की मंडला किंवा बैतूलकडील गोंडास भामरागडची बोली सहज कळत नाही. चंद्रपूरच्या सपाट भागातील बहुसंख्य गोंड घरीही मराठी बोलतात. गडचिरोलीच्या आतील भागात मात्र गोंडी व माडिया या अद्याप घराच्या, शेताच्या व ग्रामसभेच्या भाषा आहेत.

२०११ च्या जनगणनेत संपूर्ण भारतात गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सु. ३० लाख भरली. एवढे भाषक असूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगढ, तेलंगणा, आंध्र प्रदेश व ओडिशा अशा अनेक राज्यांत तिचे भाषक विभागले गेल्याने कोणत्याही एका राज्यात तिला प्रशासनाच्या किंवा शिक्षणाच्या भाषेचे स्थान मिळाले नाही. लेखनासाठी देवनागरी व तेलुगू लिप्यांबरोबर मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी आणि तेलंगणातील गुंजाळा येथे आढळलेल्या हस्तलिखितांतील लिपी अशा दोन स्वतंत्र लिप्या उपलब्ध आहेत.

इतिहास : परंपरेनुसार भीम बल्लाळसिंह हा चांद्याच्या गोंड घराण्याचा मूळ पुरुष असून त्याची राजधानी वर्धा नदीपलीकडील सिरपूर (सध्या तेलंगणात) येथे होती. खांडक्या बल्लाळशाह याने ती प्रथम बल्लारपूर येथे व नंतर झरपट नदीच्या काठी चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर येथे हलविली. झरपटेच्या पात्रातील पाण्याने राजाचा त्वचारोग बरा झाला व तेथे एका सशाने त्याच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग केला, म्हणून त्याने त्या जागी नगर वसविले, अशी आख्यायिका आहे. नगराभोवतीचा कोट, त्याच्या जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अचलेश्वर या चार वेशी आणि गोंड राजांची समाधिस्थाने आजही उभी आहेत. अकबराच्या काळातील बाबाजी बल्लाळशाह या राजाचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आढळतो.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी बीरशाहाच्या मृत्यूनंतर त्याची राणी हिराई हिने दत्तक पुत्र रामशाह याच्या वतीने कारभार पाहिला. चंद्रपूर येथील महाकालीचे मंदिर व बीरशाहाची समाधी ही तिची बांधकामे होत. महाकालीच्या यात्रेस चैत्रात विदर्भ, मराठवाडा व तेलंगणातून मोठा जनसमुदाय येतो. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याची प्रथा होती. अशा जमीनधारणेस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका भागाच्या नावात हा शब्द अजून टिकून आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती ज्या तलावांवर व बोड्यांवर अवलंबून राहिली, त्यांच्यामागे हे धोरण होते. १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसले यांनी नीलकंठशाहाचे राज्य जिंकून घेतले आणि चांद्याची गोंड सत्ता संपुष्टात आली.

राज्य गेले तरी पूर्वेकडील अरण्यप्रदेश गोंड जमीनदारांच्या हातीच राहिला. अहेरीची जमीनदारी यांत सर्वांत मोठी असून मुरुमगाव, रांगी इ. जमीनदाऱ्या तीहून लहान होत्या. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केल्यावर हा प्रदेश त्यांच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी गोंड व रोहिल्यांची फौज उभारून उठाव केला. अडपल्ली–घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिल १८५८ मध्ये चिंचगुंडी येथे तारखात्याच्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची हत्या झाल्यावर ब्रिटिशांनी उठाव मोडून काढण्याची मोहीम तीव्र केली. अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दडपण आणून त्यांच्या मदतीने बाबूरावांना पकडण्यात आले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या प्रदेशातील गोंड समाज हा दिवस शहीद दिन म्हणून पाळतो.

वनसत्तेचा बदल : तलवारीने झालेल्या सत्तांतरापेक्षा वनकायद्यांनी घडविलेला बदल गोंडांच्या दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने अधिक खोल होता. १८६५ व १८७८ च्या कायद्यांन्वये मौल्यवान जंगले राखीव ठरविण्यात आली. आलापल्लीचा साग विख्यात होता. रेल्वेचे सिलीपाट व इमारती लाकूड यांसाठी शासनाने तो आपल्या ताब्यात ठेवला. राखीव क्षेत्रांत फिरती शेती, शिकार व चराई यांवर निर्बंध आले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हीच व्यवस्था पक्की केली. गावकऱ्यांना जळण, काटक्या, बांबू, गवत यांबाबत ‘निस्तार’ या नावाने काही सवलती असत. पण त्या हक्क म्हणून नव्हे, तर शासनाची कृपा म्हणून दिल्या जात.

मध्य प्रदेशात १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा झाला व पुढील वर्षी जमीनदाऱ्या नष्ट झाल्या. कुळांना जमिनीच्या बाबतीत याचा लाभ झाला. मात्र जमीनदारांकडील जंगल गावाकडे न जाता शासनाकडे गेले. १९५६ मध्ये चांदा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बल्लारपूरच्या कागद गिरणीस या जंगलांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळू लागला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची लागवड केली. मोह, चारोळी, तेंदू, कंदमुळे व औषधी वनस्पती पुरविणारे मिश्र जंगल आणि केवळ साग असलेले जंगल यांतील भेद वनखात्याच्या हिशेबात थोडा असला, तरी त्या जंगलावर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

समाजरचना : गोंड समाजाची विभागणी पूजिल्या जाणाऱ्या देवांच्या संख्येनुसार होते. चार, पाच, सहा व सात देव मानणारे असे गट असून प्रत्येक गटात अनेक कुळी असतात. समान देवसंख्येच्या कुळी परस्परांच्या भाऊबंद मानल्या जातात व त्यांच्यात विवाह होत नाही. नव्याने भेटलेल्या दोन गोंडांची पहिली चौकशी आडनाव व देवसंख्या यांविषयी असते. तीवरून ते एकमेकांचे भाऊ की सोयरे, हे ठरते. आत्याची किंवा मामाची मुलगी पत्नी म्हणून पसंत केली जाते. वधूमूल्याची प्रथा असून ते देणे शक्य नसल्यास मुलगा काही वर्षे वधूच्या घरी राहून श्रम करतो. विधवाविवाह व घटस्फोट यांना समाजाची मान्यता आहे.

गावाचा कारभार गावपंचायतीच्या संमतीने चालतो. गावभूमीच्या देवतांची पूजा, पेरणी व कापणी यांचा आरंभ आणि जमिनीसंबंधीचे संकेत यांची जबाबदारी गायता किंवा भूमिया याच्याकडे, तर काही विधींची जबाबदारी पेरमा या पुजाऱ्याकडे असते. ही पदे बहुधा गाव वसविणाऱ्या कुळीकडे वंशपरंपरेने चालत येतात. अनेक गावे मिळून ‘इलाका’ किंवा ‘पट्टी’ होते व तिच्या बैठकीत गावांमधील तंटे मिटविले जातात. निर्णय मतमोजणीने न करता सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा लांबविण्याची रीत आहे. या रीतीचे महत्त्व पुढे ग्रामसभांच्या चळवळीत दिसून आले.

गोटूल ही गावाच्या मध्यभागी असलेली सार्वजनिक वास्तू. व्हेरिअर एल्विन यांच्या बस्तरच्या मुरियांवरील १९४७ च्या ग्रंथामुळे गोटूल म्हणजे केवळ युवक-युवतींचे शयनगृह, अशी समजूत बाहेर रूढ झाली. भामरागड व एटापल्ली भागात तिचे स्वरूप अधिक व्यापक आहे. गावाची सभा, न्यायनिवाडा, पाहुण्यांचा मुक्काम, नृत्य आणि तरुणांना रीतिभाती व गाणी शिकविणे ही सर्व कामे तेथे होतात. रेला या नावाने ओळखली जाणारी समूहगीते व नृत्ये हा गोटूलच्या जीवनाचा भाग होय. स्त्रिया वनोपज गोळा करणे, शेती व बाजार या कामांत पुरुषांच्या बरोबरीने असतात. मासिक पाळीच्या काळात मात्र त्यांना गावाबाहेरील ‘कुर्मा घरा’त राहावे लागते. या झोपड्यांची दुरवस्था व तेथील साप-विंचवांची भीती यांमुळे ही प्रथा टीकेचा विषय झाली आहे. प्रथा पूर्णतः बंद करावी, की प्रथम तेथे सुरक्षित निवारा उभारावा, याविषयी समाजातील स्त्रियांमध्येही मतभेद आहेत.

धर्म व सण : ‘पेन’ म्हणजे देव, प्रत्येक कुळीचा स्वतंत्र पेन असून त्याचे स्थान मूळ गावाजवळील वृक्षराईत असते. भूमातेस तल्लूर मुत्ते म्हणतात. पारी कुपार लिंगो या संस्कृतिपुरुषाने गुहेत कोंडलेल्या गोंडांची मुक्तता करून त्यांना कुळी व धर्म दिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथील गुहा हे त्या कथेशी निगडित तीर्थस्थान असून तेथे माघी पौर्णिमेस अनेक राज्यांतून गोंड जमतात. सणांस ‘पंडुम’ म्हणतात. विज्जा पंडुमात पेरणीपूर्वी बियाण्याची पूजा होते. नवे धान्य, आंबा, मोह इ. त्या त्या पंडुमापूर्वी खात नाहीत. या निषेधामुळे फळे व बिया पक्व होण्यापूर्वी तोडल्या जात नाहीत आणि जंगलाच्या पुनरुत्पत्तीस अवधी मिळतो. मृताच्या स्मरणार्थ उभे दगड किंवा कोरलेले लाकडी खांब रोवण्याची चाल माडिया गोंडांत आहे. राज गोंडांच्या वंशावळी व देवकथा परधान हे त्यांचे परंपरागत गायक किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गात. ही परंपरा आता क्षीण झाली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा या अरण्याचे नाव ‘तारू’ या देवावरून पडले आहे. तारू हा वाघाशी झुंजताना मारला गेलेला गावप्रमुख होता, असे गोंड परंपरा सांगते. तळ्याकाठी त्याचे स्थान आहे. १९५५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील काही गावे अन्यत्र वसविण्यात आली.

उपजीविका : पूर्वी ‘पेंदा’ ही फिरती शेती प्रचलित होती. डोंगरउतारावरील झुडपे तोडून व जाळून त्या राखेत कोसरीसारखी भरड धान्ये पेरीत आणि काही वर्षांनी जागा बदलीत. आता बहुतेक शेती स्थिर असून भात हे मुख्य पीक आहे. पाऊस लांबल्यास पीक जाते. सिंचनाच्या सोयी अल्प आहेत. शेतीने वर्षातील काही महिनेच भागत असल्याने उरलेला काळ जंगलावर काढावा लागतो. फाल्गुन-चैत्रात मोहफुले, नंतर चारोळी व तेंदूपाने, पावसाळ्यात वास्ते व आळिंबी, हिवाळ्यात डिंक व मध असा वनोपजांचा क्रम असतो. मोहफूल हे एकाच वेळी अन्न, मद्य, औषध व चलन आहे. आठवडी बाजारात त्याच्या बदल्यात मीठ, तेल व कापड मिळे. गोरगा नावाच्या माडाच्या झाडाचा रस भामरागड भागात आवडीने पितात. बांबूच्या टोपल्या, सुपे व मासे पकडण्याची साधने घरोघरी बनविली जातात.

तेंदूपानांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. पण कुटुंबाच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग त्यात मिळतो. त्यामुळे पानांचा भाव कोण ठरवितो, हा या प्रदेशात दीर्घकाळ कळीचा प्रश्न राहिला आहे.

उद्योगीकरणाचे परिणाम : वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचे उत्खनन वरोरा येथे १८७१ मध्ये सुरू झाले व पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्गुस, राजुरा या भागांत त्याचा विस्तार झाला. सिमेंटचे कारखाने व कागद गिरणी यांनी चंद्रपूरला औद्योगिक नगराचे रूप दिले. दुर्गापूरजवळ उभारलेल्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. त्याच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली ऊर्जानगर ही वसाहत ताडोबाच्या अरण्यास इतकी लागून आहे, की वाघ व बिबटे तिच्या परिसरात अधूनमधून येतात. राज्याच्या मोठ्या भागास वीज पुरविणारे हे केंद्र आणि त्याच दशकात वीज न पोहोचलेली भामरागड तालुक्यातील गावे यांत सरळ रेषेत फार अंतर नाही. चंद्रपूरच्या गोंडांपैकी काहींना खाणी व कारखान्यांत मजुरी मिळाली. कायम नोकऱ्यांत त्यांचे प्रमाण अल्प राहिले. कोळसाखाणी, धरणे व कारखाने यांसाठी जमिनी गेल्याने अनेक कुटुंबे भूमिहीन झाली आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत त्यांची भाषाही मागे पडली.

गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपटनम या नियोजित धरणांमुळे माडिया प्रदेशाचा विस्तीर्ण भाग बुडणार होता. त्याविरुद्ध १९८४ च्या सुमारास बाबा आमटे व लालश्यामशाह यांच्या नेतृत्वाखाली ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले व ते प्रकल्प मागे पडले. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाचा प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला. तेथील डोंगर हे ठाकूरदेवाचे स्थान असून दरवर्षी जानेवारीत तेथे परिसरातील गावांची यात्रा भरते. सु. ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला आणि अनेक ग्रामसभांचा विरोध असताना २०२१ पासून नियमित उत्खनन चालू झाले. खाणीमुळे रोजगार व रस्ते मिळतात, हा एक पक्ष. देवस्थान, पाणी व वनोपज कायमचे नष्ट होते, हा दुसरा. दोन्ही पक्षांचे लोक एकाच गावात आढळतात.

१९८० पासून आंध्र प्रदेशातून आलेल्या नक्षलवाद्यांनी या अरण्यात तळ दिला. तेंदूपानांची मजुरी वाढविण्याच्या मागणीमुळे प्रारंभी त्यांना काही पाठिंबा मिळाला. पुढील चार दशकांत सशस्त्र गट व पोलीस यांच्या संघर्षात पोलीस, नक्षलवादी व निःशस्त्र गावकरी अशा सर्वांचे बळी गेले. खबऱ्या असल्याच्या संशयावरून मारले गेलेले आणि संघर्षात सापडलेले बहुतेक गावकरी आदिवासीच होते. २०२५ मध्ये चळवळीच्या काही वरिष्ठ नेत्यांनी गडचिरोलीत शरणागती पत्करली व तिचा प्रभाव पुष्कळ ओसरला.

आरोग्य व शिक्षण : हिवताप, कुपोषण, बालमृत्यू व सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या येथील प्रमुख समस्या होत. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णालय व पुढे निवासी शाळा चालविली. या दांपत्यास २००८ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीजवळच्या गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या पद्धतीवर आधारित कार्यक्रम भारतात सर्वत्र स्वीकारण्यात आला.

आश्रमशाळांमुळे साक्षरता वाढली. पण घरी माडिया बोलणाऱ्या मुलास पहिल्या दिवसापासून मराठीतून शिकावे लागते आणि प्रारंभीच्या वर्गांतच अनेक मुलांची शाळा सुटते. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गडचिरोली येथे २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले.

वनहक्क व ग्रामसभा : पंचायत विस्तार कायदा (१९९६) व वनहक्क कायदा (२००६) यांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस प्रथमच अधिकार दिले. दुसऱ्या कायद्याच्या प्रस्ताविकेत वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने मान्य केले आहे. या कायद्यानुसार कुटुंबास कसत असलेल्या वनजमिनीचा आणि गावास परंपरेने वापरात असलेल्या वनाचे रक्षण, व्यवस्थापन व उपयोग यांचा सामूहिक हक्क मिळतो. तसेच बांबू हे लाकूड नसून गौण वनोपज ठरते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सु. पाचशे वस्तीचे गोंड गाव या बाबतीत अग्रेसर ठरले. १९८४ च्या धरणविरोधी आंदोलनातून जागृत झालेल्या या गावाने अभ्यासगट स्थापन केला, सर्वसंमतीने निर्णय घेण्याची जुनी रीत ग्रामसभेत पक्की केली आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा स्वीकारली. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांचा या कार्यात प्रमुख वाटा होता. २००९ मध्ये मेंढा व मर्दा या गावांस सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क मिळविणारी देशातील ही पहिली गावे मानली जातात. मेंढ्याचे क्षेत्र सु. १,८०० हेक्टर आहे. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच राहिल्याने माल विकता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. बांबूच्या उत्पन्नातून मजुरीबरोबरच जंगलाचे रक्षण व गावाची कामे यांचा खर्च भागू लागला. २०१३ मध्ये गावाने आपल्या खाजगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेस देण्याचा निर्णय घेतला.

मेंढ्याचे उदाहरण अपवाद राहिले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांस सामूहिक वनहक्क मिळाले असून या बाबतीत हा जिल्हा देशात आघाडीवर आहे. २०१३ पासून अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली आहे व तीत स्त्रियांना निश्चित स्थान आहे. व्यवहारात अडचणीही पुष्कळ आहेत. हिशेब ठेवण्याचे कौशल्य सर्व गावांत सारखे नाही. काही ठेकेदारांनी पैसे थकविल्याची उदाहरणे आहेत. आणि हक्क मिळालेल्या वनाचे नियोजन करण्यास लागणारे तांत्रिक साहाय्य सर्वत्र उपलब्ध नाही. ग्रामसभेचा अधिकार आणि खाणपट्ट्याची मंजुरी परस्परविरोधी ठरल्यास कोणाचे म्हणणे चालावे, हा प्रश्नही उरतो.

सद्यःस्थिती : राज गोंडांपैकी बराचसा वर्ग शेती, नोकरी व राजकारण यांत इतर समाजाप्रमाणे वावरतो; विधानसभेच्या व लोकसभेच्या राखीव मतदारसंघांतून त्याचे प्रतिनिधी निवडून येतात. गोंडी धर्म, लिपी व इतिहास यांविषयी नवी आस्था या वर्गात दिसते. परंतु गोंडी भाषा त्याच्यापैकी अनेकांना पुन्हा शिकावी लागते. माडिया गोंडांत स्थिती उलट आहे : भाषा, गोटूल व पंडुम टिकून आहेत, डॉक्टर, वकील व शिक्षक झालेल्यांची पहिली पिढी तयार झाली आहे, मात्र रस्ते, वैद्यकीय साहाय्य व उच्च शिक्षण दूर आहे. रस्ता ज्या दिशेने येतो त्याच दिशेने खाणीचा ट्रकही येतो, अशी तेथील परिस्थिती आहे. तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखालची जमीन देणारे राज्य या प्रदेशाने एकेकाळी पाहिले. ज्याने जंगल राखले त्याला त्या जंगलाचा उपयोग व निर्णय यांचा अधिकार असावा, हे वनहक्काचे तत्त्व त्याच प्रकारचे आहे. ते कागदावरील पट्ट्यांतून प्रत्यक्ष व्यवहारात किती उतरते, यावर या समूहाची भाषा, गाव व उपजीविका यांचे भवितव्य बव्हंशी अवलंबून आहे.